आठ पाकळ्यांच्या हिमफुलाची बखर

श्रीशारदा समर्थ. लिहिणारास नांव नाहीं, ऐकणारास उपाय नाहीं, तरी घडलें तें लिहून ठेवावें ऐसा रिवाज, म्हणोन लिहितों. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास. ते समयीं दक्षिणदेशीं एक राज्य होतें. तेथें ऊन मुबलक, धूळ मुबलक, बर्फ मात्र कोणाच्या बापजन्मीं पडला नव्हता. ऐशा राज्यांत राजधानीच्या कारभारी मंडळीस एके दिवशीं बुद्धि जाहली कीं, थोर मुलुखांतील मुलें कागदाचीं हिमफुलें कातरितात आणि त्या योगें गणितांत निपुण होतात, तरी आपलीं मुलें मागें कां राहावीं? मग तत्काल आज्ञापत्र सुटलें कीं, प्रत्येक शाळेनें हिमफुलें कातरून छतास टांगावीं, तपासनीस जातीनें येऊन पाहतील, आणि ज्या शाळेचा पट दहांहून उणा असेल तिचें राहणें न राहणें त्यांच्या शेऱ्यावर.

घाटाखालीं एक वाडी होती. तेथील शाळेचा पट नऊ. शाळेवर चिमणाबाई मास्तरीण एकट्या, सतरा वर्षें त्याच खोलींत उभ्या. आज्ञापत्र त्यांच्या मोबाइलावर आलें, आणि वाडीस रेंज नसल्यानें पहिलें पान उघडलें, दुसरें उघडलेंच नाहीं, आणि चित्र आलें तें धुरकट. बाईंनीं मनीं विचार केला कीं, फूल तें फूल. मग जुन्या दिनदर्शिकेचीं पानें फाडिलीं, चौकोन केले, आणि हात सतरा वर्षांच्या वळणानें चालिला. कागद दुमडिला, म्हणाल्या, "हा अर्धा." पुन्हा दुमडिला, "हा पाव." तिसऱ्यानें दुमडिला, "आणि पावाचा अर्धा, तो अदपाव." मग कात्री चालविली, कागद उलगडिला, तों आठ पाकळ्यांचें फूल निघालें.

मुलांत भिवरा म्हणोन येसबा धनगराची कन्या होती, वय वर्षें दहा. दोन वर्षें अपूर्णांकांनीं तिजला छळिलें होतें, फळ्यावर एकावर एक आंकडे पाहतांच तिचे डोळे भरून येत. तिनें फूल हातीं घेतलें, दुमडिलें, उलगडिलें, पुन्हा दुमडिलें, आणि एकाएकीं ओरडली, "बाई! म्हंजे मी रोज दुकानातनं आणते, त्ये अदपाव तेल हेच व्हय?" बाई म्हणाल्या, "होय गं बाई, हेंच." मग भिवरेस थांबवे ना. अदपाव दोन म्हणजे पाव, चार म्हणजे अर्धा, आठ म्हणजे सबंध, ऐसें बोटांवर नाचवीत घरीं गेली आणि बापास शिकविलें. येसबा बहुत संतोषला. परंतु वाडींत त्याचा बोल ठाऊक होता कीं, "ही शाळा मोडली तर घाट वलांडून पोरगी धाडायची न्हाई. वाटंत वाघरू हाय." तेव्हां भिवरेचें सारें शिक्षण त्या एका खोलीवर टांगलेलें होतें, आणि हें बाई जाणत होत्या.

वद्य पंचमीस तपासनीस विश्वासराव स्वारी करून आले. बूट पुसले, खुर्ची घेतली, वर पाहिलें आणि पाकळ्या मोजिल्या. विचारिलें, "बाई, हीं आठ कां?" बाई म्हणाल्या, "साहेब, पावकीचा धडा घेतला. मुलांना अदपाव कळला." विश्वासराव म्हणाले, "आदेशाच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलंय. बर्फाला सहा टोकं असतात. आठ टोकांचा बर्फ जगात कुठंही नाही." तों भिवरा उभी राहिली आणि अगदीं भाबडेपणें बोलली, "सायेब, तुमी बगितलाय व्हय बर्फ?" मुलें हंसलीं. विश्वासरावांनीं बर्फ पाहिला होता तो रसवंतीच्या पेल्यांत. कान लाल जाहले, आणि तेथेंच शाळेची घटका भरली. म्हणाले, "तासाभरात दुरुस्त करा. दोन दोन पाकळ्या उडवा, नाहीतर शेरा मला लिहावाच लागेल."

चिमणाबाईंनीं सहांची घडी घालून पाहिली. हात जुन्या वळणावर जाई, आणि घडी पुन्हा आठांचीच पडे. कोरा कागद सरला. तेव्हां बाईंनीं टांगलेलीं नऊ फुलें उतरविलीं आणि मुलांदेखत एकेकाच्या दोन पाकळ्या कातरूं लागल्या. भिवरेनें आपलें फूल उचलून पाठीमागें धरिलें. म्हणाली, "बाई, दोन अदपाव काढले तर पाव गेला की. सबंध कसं ऱ्हाईल?" उत्तर बिनचूक होतें. सतरा वर्षांत ऐसें उत्तर बाईंनीं फार थोड्यांचे तोंडीं ऐकिलें असेल, आणि त्याच उत्तरास त्यांनीं त्या दिवशीं चूक म्हटलें. म्हणाल्या, "दे इकडे. साहेब सांगतात तें बरोबर." भिवरेनें फूल दिलें. लिहिणारास विचाराल तर त्या दिवशींचा खरा अनर्थ तो.

मग फुलें टांगिलीं तीं दांत पडल्या तोंडासारखीं दिसूं लागलीं. विश्वासरावांनीं पुन्हा वर पाहिलें आणि शेरा लिहिला कीं, "फुले फाटकी. साहित्याची निगा नाही." महिन्याचे आंत शाळा मोडली, पाटी उतरली, दारास कुलूप पडलें. चार मुलें घाट चढून थोरल्या शाळेस जाऊं लागलीं, पांच घरीं बसलीं. चिमणाबाईंची बदली थोरल्या शाळेंतच जाहली. जातांना त्या येसबाचे दारीं गेल्या आणि भिवरेस धाडा म्हणोन हातां पायां पडल्या. भिवराच बोलली, "नगं बाई. थितं जाऊन काय करू? मला येतंय त्ये चुकीचं हाय." बाई उंबऱ्यावरूनच माघारीं फिरल्या.

तात्पर्य, कारभारी मंडळीनें वर्षअखेरीस जाहीर केलें कीं हिमफुलांचा उपक्रम राज्यांत शंभर टक्के सिद्धीस गेला, कारण मोडल्या शाळा मोजण्यांत धरीत नाहींत. विश्वासरावांस बढती जाहली. चिमणाबाई सहा पाकळ्यांची घडी शिकल्या आणि मुलांस बिनचूक शिकवितात. भिवरा मेंढरांमागें जाते. तेल आणावयास गेली म्हणजे दुकानदारास अदपाव म्हणत नाहीं, बाटली पुढें करिते आणि म्हणते, "थोडं द्या."