बिननाकाची राजमाता

"माणसाची सगळी ओळख असते ती नाकात!" चित्रकार बायकोला म्हणाला. "नाक तेवढं काढून टाकायचं, वरून खवले चढवायचे, की सख्खा भाऊसुद्धा ओळखणार नाही. आपल्या डाव्या हाताचा मळ आहे तो!"

असं छातीठोकपणे बोलणाऱ्या माणसाला आधी खुर्ची द्यावी. पुढे त्याला बसायला लागणारच असतं.

त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. एका खेळासाठी तो सरडेमाणसं काढत असे. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, आणि फासे टाकत त्या पात्राच्या तोंडून तासन्‌तास बोलायचं, असा तो खेळ. पात्रांना चेहरे पुरवण्याचं काम याच्याकडे. लोकांना वाटतं, त्यात काय, माणसाला शेपूट लावली की झालं! अहो, पण शेपूट लावल्यावर तो खुर्चीत बसणार कसा? मग खुर्चीच्या पाठीला भोक पाडा. विजारीचा प्रश्न तर विचारूच नका. पाठीवरचे खवले मोठे काढले तरी गळ्यावरचे बारीकच हवेत, नाहीतर मान वळायची नाही. आणि खरी पंचाईत चेहऱ्याची. सरड्याला भुवया नाहीत, ओठ नाहीत. बिचाऱ्याने हसावं कुठून आणि रुसावं कुठून?

म्हणून चित्रकार ओळखीची माणसं उचलत असे. इमारतीच्या रखवालदाराची ताठ मान घेऊन त्याने दलदलीचा सेनापती केला होता. दातांच्या डॉक्टरांची वाकून बघण्याची तऱ्हा घेऊन विषवैद्य केला होता. रखवालदाराला त्याने सेनापती दाखवलासुद्धा. "काय थोबाड आहे हो एकेकाचं!" म्हणून तो पोट धरून हसला होता. तेव्हापासून नाकाचा सिद्धांत पक्का झाला.

मग त्या खेळाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. "सर, आता राजमाता हवी. अशी, की तिच्याकडे बघून खेळणाऱ्याला कळूच नये, पळून जावं की मान झुकवावी!"

चित्रकाराच्या डोळ्यांसमोर तत्क्षणी आत्या उभी राहिली.

उभी राहायला ती लांबून येणार नव्हती. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पलीकडच्याच खोलीत राहत होती. आई गेल्यावर चित्रकाराला वाढवलं ते तिनेच. जन्मभर मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. वर्गात गडबड झाली की ती फक्त पापण्या अर्ध्यावर आणायची. बस्स! टाचणी पडली तरी ऐकू यावी. चाळिशी ओलांडलेल्या चित्रकाराला अजूनही ती नजर पडली की गृहपाठ राहिल्यासारखं वाटे.

आणखी एक. आत्या भांडत नसे, निघून जात असे. आधी ती भाचीकडे राहायची. तिथे कुणीतरी सहज विचारलं, "आत्या, अजून किती दिवस आहात?" आत्याने हातातला चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि त्याच दुपारी निघाली. परत पाऊल टाकलं नाही. ती आपल्याकडे आली आणि रमली, याचा चित्रकाराला इतका आनंद झाला होता की तो कुणाला सांगायलाही घाबरत असे. ती इथूनही निघून गेली, तर मग आपल्याला कुणी "बाळ्या" म्हणणारं उरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तरीही त्याने राजमाता काढायला घेतलीच. आत्याला समोर बसवून "जरा रागाव बघू" म्हणायची सोय नव्हती. म्हणून टेबलावर आरसा ठेवायचा, आत्यासारखं मनात आणायचं, तसा चेहरा करायचा आणि आरशात बघून काढायचं. हे चित्रकार लोक करतातच. जबडा मगरीचा दिला, आणि त्या जबड्यात, दातांच्या कुंपणाआड, एक एवढंसं पिल्लू अलगद धरलेलं.

बायको चहा घेऊन आली आणि चित्र बघून खो खो हसली. "अगं बाई! किती हुबेहूब!"

"श्श! ओळखलंस?"

"न ओळखायला काय झालं? रोज बघते!"

"आत्याला कळता कामा नये!"

"त्यात लपवण्यासारखं काय आहे? तिला तर गंमत वाटेल."

हिला आमची आत्या कळलीच नाही, असं मनात म्हणत चित्रकाराने खोडरबर उचललं. आधी राजमातेच्या डोळ्यांवरचा चष्मा खोडला. शिंगं लावली. गळ्याखाली पिसारा सोडला. पापण्या चांगल्या टकटकीत उघडल्या. संपादिकाबाई म्हणाल्या, "सर, काय केलंत हे? राजमातेची पाल झाली! ती पहिली नजर आणा बघू परत." नजर परत आली. बाई खूश झाल्या. इतक्या खूश, की खेळाच्या प्रदर्शनासाठी त्यांनी राजमातेचं पुरुषभर उंचीचं कटआऊट करवून घेतलं आणि एक नमुना, आगाऊ न सांगता, चित्रकाराच्या घरी धाडून दिला!

आत्या खाली फेरी मारायला गेली होती म्हणून बरं. रखवालदाराने तो भलाथोरला पुठ्ठा वर आणला. दारात टेकवला. मान तिरकी करून बघत राहिला.

"साहेब, हे थोबाड ओळखीचं वाटतंय. तुमच्या घरातलंच ना?"

चित्रकाराच्या पायाखालची जमीन सरकली. स्वतःचं थोबाड न ओळखणाऱ्या माणसाने आत्याचं ओळखलं! आणि आत्या तर आता येईल!

कटआऊट लपवायचं कुठे? मोरीत मावेना. पडद्यामागे उभं केलं तर खालून नखं दिसत. कपाटावर ठेवलं तर राजमाता वरून डोकावे. घरात आडवी लांब जागा एकच होती, ती म्हणजे आत्याच्या पलंगाखाली. आणि विचार केला तर तीच उत्तम! नव्या गुडघ्यांनी आत्या वाकून पलंगाखाली बघणं शक्यच नव्हतं. चित्रकाराने तिथली चाकांची बॅग बाहेर ओढली, राजमातेला शेपटीकडून आत सारलं, घाम पुसला. बॅग कुठे ठेवावी हे पटकन सुचेना, म्हणून ती दारापाशी उभी करून ठेवली.

शहाणाच तो! पुढचं वाचकांनी ओळखलं असेल, पण त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

आत्या आली. दार उघडलं. समोर तिची बॅग, निघण्याच्या तयारीत असल्यासारखी उभी. आत्याने बॅगेकडे पाहिलं, आतल्या टेबलाकडे पाहिलं. चित्रकार घाईघाईने कागदात तोंड खुपसून बसला होता. ती बॅग ओढत खोलीत गेली.

बराच वेळ आतून कपाटाचं दार वाजत राहिलं. चित्रकाराने डोकावून पाहिलं, तर आत्या कपड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत होती.

बघितलं वाटतं हिने! दोन्ही हात जोडून तो दारातच उभा राहिला.

"आत्या, चुकलं माझं. पण तुला दुखवायचं मनात नव्हतं गं!"

"मला कुठे काय वाटलंय?" आत्या घडी मोडू न देता म्हणाली. "घर लहान आहे. तुझं कामही वाढलंय. तोंडाने सांगायला जड गेलं तुला, म्हणून बॅग ठेवलीस. समजतं मला."

"बॅग? बॅगेचं काय मध्येच?"

"मग तू कशाची माफी मागतोयस?"

"चित्राची!"

"कुठल्या चित्राची?"

आता आली का पंचाईत! तिने बघितलेलंच नव्हतं. चित्रकाराला वाटलं, अजून गप्प बसता येईल. पण समोर बॅग अर्धी भरली होती. त्याने एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि सरळ पोटावर झोपून पलंगाखाली शिरला.

आवाज ऐकून बायको धावत आली. तोवर पलंगाखालून आधी शेपूट, मग पिसारा, मग शिंगं बाहेर आली होती. धुळीने माखलेल्या चित्रकाराने राजमातेला भिंतीशी उभं केलं.

"ही तू आहेस आत्या. तुला सरडीण केलं मी. नजर तुझी चोरली. पण तू जाऊ नकोस. रागाव, बोल, हवं तर हे फाडून टाक. पण जाऊ नकोस!"

आत्याने चष्मा लावला. जवळ गेली. इतका वेळ बघत राहिली की चित्रकाराने अंगावरची धूळ दोनदा झटकली.

"बाळ्या," ती म्हणाली, "हा तर तू आहेस!"

"मी?"

"मग कोण? माझ्या दोन्ही पापण्या सारख्या खाली येतात. ही बघ, हिची डावी आधी पडलीय. तुझी पडते तशी. लहानपणी तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर राहिली ती तशी. किती रात्री तुझ्या उशाशी बसून बघत होते, की आज तरी दोन्ही सारख्या उघडतात का."

चित्रकाराने बायकोकडे पाहिलं.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं ना, हुबेहूब!" बायको म्हणाली. "मला वाटलं, स्वतःला राणी केलंय म्हणून लाजतोयस!"

"आणि रखवालदार?"

"तो काय आंधळा आहे?"

आत्या अजून चित्राशीच होती. तिने मगरीच्या जबड्यापाशी बोट नेलं. "हे पिल्लू का खातेय ती?"

"खात नाही. मगरीण पिल्लांना तोंडात धरूनच पाण्यापर्यंत नेते. एवढे दात असतात, पण एकही लागू देत नाही."

आत्या चष्मा काढून पुसू लागली, आणि तो जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

"एवढंच काय ते माझं दिसतंय यात," ती हळूच म्हणाली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून चित्रकार म्हणाला, "पण आत्या, मी तर नाक काढून टाकलं होतं! नाक नसताना तू ओळखलंस कसं?"

"आपल्या माणसाला काय नाकावरून ओळखतात, मूर्खा?" असं म्हणून तिने पापण्या अर्ध्यावर आणल्या. दोन्ही, अगदी सारख्या. चित्रकार गुपचूप बाहेर आला.

टेबलावर आरसा होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने तळहाताने नाक झाकलं, जरा रागावून पाहिलं. डावी पापणी आधी पडली, आणि आरशातून राजमाता त्याच्याकडे टक लावून बघू लागली. पळावं की मान झुकवावी, त्याला कळेना.

"बाळ्या!" आतून हाक आली. "ही तुझी राजमाता माझ्या कोपऱ्यात उभी राहू दे. आणि पलंगाखालची जागा आता रिकामी झालीय. माझी बॅग कोण आत सारणार?"

आरशातली राजमाता उठली आणि मुकाट्याने पलंगाखाली शिरली.