नकाशातलं माहेर

हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी शेजारच्या मेश्रामकाकांनी दारात उभं राहून सांगितलं, "भाऊ, तुमचं स्वयंपाकघर तळ्यात येते. हॉल मात्र काठावर हाये."

काका ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर. रद्दीच्या दुकानात त्यांना नागपूरच्या दक्षिणेकडचा जुना सर्व्हेचा नकाशा सापडला होता. त्यात आमची कॉलनीच नव्हती. नुसती शेतं, नाले, आंब्याची बनं आणि विहिरींचे ठिपके. काका राहत ते त्या नकाशातच. सिलिंडरवाल्याला फोनवर पत्ता सांगत, "बंधारा लागला का डाव्या हातच्या पांदणीनं ये." तो बिचारा मग त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, फोन करी. प्लॉटचे दलाल तर काकांना लांबूनच पाहून गाडी वळवत.

एका पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात खरंच पाणी शिरलं. काका धावत आले ते बादली नाही, नकाशा घेऊन. पाणी आपल्या घरी परत आलं, असं त्यांचं म्हणणं. इतके खूश होते की मला रागावताही येईना.

फक्त बुटीबोरीकडच्या कोपऱ्याबद्दल विचारलं की ते विषय बदलत. का, ते शेवटी काकूंनीच सांगितलं. त्यांचं माहेर तिथलं. शेतकऱ्याच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरच्यांनी संबंध तोडले. जावयाला कधी बोलावलंच नाही. पुढे आईवडील गेले, भाऊ पांगले, आणि गावाच्या जागी कारखाने आले.

मागच्या हिवाळ्यात काकांनी मला गाडी काढायला लावली. जागा सापडली होती. काका इस्त्रीच्या शर्टात, पॉलिश केलेल्या बुटांत. बुटीबोरीत ट्रकांच्या रांगांमधून, नाल्याची वळणं नकाशाशी ताडत, त्यांनी आम्हाला एका कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे वाळलेलं गवत होतं, बाकी काही नाही.

काकू बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिल्या. विहीर कुठे, देऊळ कुठे, हे हातानं जुळवत चार पावलं सरकल्या.

"हे आमचं आंगण," त्या म्हणाल्या.

काका मात्र पुढे येईनात. रस्त्याच्या कडेलाच, कुणीतरी 'या' म्हणण्याची वाट पाहावी तसे उभे. काकूंनी माझ्या गाडीतली पाण्याची बाटली आणली आणि त्यांना बूट काढायला सांगितलं.

"काहून?"

"जावई पहिल्यांदा घरी येऊन राहिला. पायावर पाणी नको द्यायले?"

काकांनी मोजे काढून खिशात ठेवले आणि हळूच पाय पुढे केले.