खाटेच्या पायातलं पेन

खाट डुगडुगत होती, एवढंच. सुताराला बोलावलं असतं तर अर्ध्या तासात काम आटोपलं असतं आणि पुढचं रामायण झालंच नसतं. पण रविवारी ताई राहायला येणार होती, ती आली की त्याच लोखंडी खाटेवर झोपते, आणि बाळूरावांनी ठरवलं की हे काम आपण स्वतः करायचं. (घरात बाळू, ऑफिसात राव, म्हणून आपण बाळूराव म्हणू. वय बावन्न, हुद्दा हेडक्लार्क, हाताला कला म्हणाल तर शून्य.)

"अहो, सुताराला फोन करते मी," बायको म्हणाली.

"पायाचं बूच बदलायला सुतार? लोक हसतील."

"लोकांचं सोडा, मला आत्ताच हसू येतंय."

बाळूरावांनी खाट आडवी पाडली आणि एका पायाचं रबरी बूच ओढलं. ते हलेना. पक्कड लावली, तरी हलेना. शेवटी त्यांनी दात लावले. "शी! काय हो हे!" असं बायको ओरडते आहे तोवर बूच सुटलं, आणि त्या पोकळ पायातून काहीतरी घरंगळत येऊन त्यांच्या कपाळावर आदळलं. फाउंटन पेन!

आता पेन म्हणाल तर जगावेगळंच. रंग ना काळा ना हिरवा, जुन्या खाकी पिशवीसारखा. टोपणाला क्लिप नाही, क्लिपच्या जागी नुसती फट. आणि टोपणाच्या टोकाला गोल फिरलेली नक्षी. बारीक बारीक खळगे, मध्येच जरा मोकळी जागा, की पुन्हा खळगे. बाळूराव चष्म्याची दांडी तोंडात धरून बराच वेळ बघत बसले.

"ही खाट बाबांनी जुन्या बाजारातून आणली होती," ते म्हणाले. "आधीचा मालक नक्की जहाजाचा कप्तान असणार."

"कप्तान खाटेच्या पायात पेन कशाला घालेल?"

"मौल्यवान होतं म्हणून."

"मग खाट विकताना विसरला?"

"कप्तान लोकांना शंभर व्याप असतात," बाळूराव म्हणाले, आणि विषय संपला.

त्यांनी फोटो काढून 'शाईमित्र' नावाच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकले. या ग्रुपात ते दोन वर्षं होते, पण 'छान', 'सुंदर' आणि 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' यापलीकडे त्यांनी काही लिहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत चाळीस मतं आली. एका निवृत्त हेडमास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं की ही नक्षी यंत्राची नाही, हाताने कोरलेली आहे. दुसऱ्याने लिहिलं, क्लिप नाही म्हणजे हे चाचणीसाठी केलेलं अगदी पहिलं मॉडेल. नक्षीला नाव हवं होतं, ते बाळूरावांनीच दिलं. हिरकणी नक्षी. (का, ते विचारू नका. त्यांनाही माहीत नव्हतं.)

ऑफिसात बातमी पसरली. सव्वीस वर्षांत ज्या साहेबांनी बाळूरावांना कधी खुर्ची दाखवली नव्हती, ते म्हणाले, "या, बसा." बाळूराव बसले. बसल्यावर पुढे काय करायचं हे ठाऊक नसल्यामुळे लगेच उठले. पुढच्या महिन्यात 'शाईमित्र'चं प्रदर्शन होतं. हे पेन काचेच्या पेटीत ठेवायचं, खाली बाळूरावांचं नाव, असं जवळजवळ ठरलं. फक्त पेनडॉक्टरचा शिक्का हवा होता. पेनडॉक्टर म्हणजे कपाटाएवढ्या दुकानात बसून चाळीस वर्षं पेनं दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांचं दुकान रविवारी बंद, म्हणून ते हेडमास्तरांना घेऊन रविवारीच चहाला येणार होते.

आणि रविवारी ताई.

ताईचं एक जुनं दुखणं होतं. ती अकरा वर्षांची असताना बाबांचं काळं कुळकुळीत पेन घरातून नाहीसं झालं. आदल्याच दिवशी तिने हस्ताक्षर स्पर्धेसाठी ते मागितलं होतं, म्हणून आळ तिच्यावर. बाबा म्हणाले, "कबूल करेपर्यंत पेन्सिलीनेच लिही." तिने कबूल केलं नाही. वर्षभर पेन्सिलीने लिहिलं, स्पर्धा हुकली. बाबा जाईपर्यंत कौतुकाने सांगायचे, "पोरीने पेन हरवलं, पण अक्षर मात्र मोत्यासारखं." ते ऐकलं की ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं. अजूनही दर भेटीत विषय निघायचाच. "मी घेतलं नव्हतं रे, बाळू." आणि दर भेटीत बाळूराव तिच्या पाठीवर हात ठेवून मोठ्या मनाने म्हणायचे, "ताई, झालं गेलं गंगेला मिळालं. मी तर तुला केव्हाच माफ केलंय."

रविवारी पाहुणे आले. ताई आणि बायको स्वयंपाकघरात चहा करत होत्या. पेनडॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं, पेनाच्या अंगावर अंगठा घासला आणि अंगठ्याचा वास घेतला.

"एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर," ते म्हणाले. "मुळात काळंच. ओल लागून रंग उतरलाय."

"खाकी नाही?" बाळूरावांचा आवाज जरा पातळ झाला.

पेनडॉक्टरांनी टोपण उघडलं. टोपणाखाली झाकलेला भाग काळा कुळकुळीत होता. "हे बघा. अगदी साधं मॉडेल. माझ्याकडे असली डबाभर आहेत. क्लिप मुळात होती, कुणीतरी मोडलीय."

"पण हिरकणी नक्षी?" हेडमास्तर पुढे सरसावले. "ती तर हाताने कोरलेली!"

पेनडॉक्टरांनी टोपण उजेडात फिरवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. "हाताने नाही," भिंग टेबलावर ठेवत ते शांतपणे म्हणाले. "दातांनी. लहान मुलाने चावलंय. समोरचा एक दात पडलेला होता त्याचा, म्हणून मध्ये ही जागा."

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला, सरळ पेन उचललं आणि काळ्या भागावर नख फिरवलं. तिथे ब्लेडने मारलेल्या दोन बारीक रेघा होत्या.

"ऑफिसात अदलाबदल होऊ नये म्हणून बाबांनी मारल्या होत्या," ती म्हणाली. "बाबांचं पेन आहे हे. कुठे मिळालं?"

"खाटेच्या पायात," बायकोने उत्तर दिलं.

"कुठल्या खाटेच्या? त्या? तिच्यावर लहानपणी कोण झोपायचं, बाळू? पायावरचा पितळी गोळा काढून आत गोट्या कोण टाकायचा?"

"ताई, असं एकदम कुणावर... दात कुणाचेही असतील. तुझेसुद्धा!"

"अकराव्या वर्षी माझे सगळे दात जागेवर होते. तू आठ वर्षांचा. समोर खिंडार."

"पुरावा काय?" बाळूरावांनी छाती पुढे काढली. "ते दुधाचे दात पडून चव्वेचाळीस वर्षं झाली. ते हजर करता येणार नाहीत. पुराव्याशिवाय आमच्या ऑफिसात साधी रजासुद्धा मंजूर होत नाही!" मुद्दा बिनतोड होता. आता पुढचा मुद्दा शोधत ते विचारात पडले.

सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"साहेब," पेनडॉक्टर हळूच म्हणाले, "माझं भिंग."

बाळूरावांनी ते तोंडातून काढलं. त्याच्या काळ्या कडेवर दोन ताजे खळगे उमटले होते.

आणि त्या क्षणी त्यांना सगळं आठवलं. न सुटणारं गणित, दातांखाली कट्कन मोडलेली क्लिप, बाबांची चाहूल, पितळी गोळा. मग बाबा ताईवर ओरडले, आणि पांघरुणात डोकं खुपसून ते इतके घाबरले, की घाबरता घाबरता विसरूनच गेले.

"ताई," ते म्हणाले, "मीच गं. तुझी स्पर्धा माझ्यामुळे गेली. आणि वर मीच तुला माफ करत बसलो."

ताई रडली. रडता रडता तिला हसू फुटलं, ते आवरेना. "बाबा असायला हवे होते रे," ती म्हणाली. पेनडॉक्टरांनी निब धुऊन शाई भरून दिली. ताईने टपोऱ्या, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'पेन मी घेतलं नव्हतं.' खाली बाळूरावांची सही घेतली, हेडमास्तरांची साक्षीदार म्हणून घेतली आणि कागद बाबांच्या फोटोसमोर ठेवला.

मग ती बाळूरावांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं. मी तुला माफ केलंय." आणि पेन स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

माफी मिळाली, पण शिक्षा सुटली नाही. ताईने जाताना बायकोच्या हातात पेन्सिलींचा डबा दिला. एक वर्ष, घरात बाळूने पेन्सिलीनेच लिहायचं.

प्रदर्शन झालं. ताईने पेन दिलं होतं, ते काचेच्या पेटीत होतं आणि खाली बाळूरावांचं नावही होतं. 'मॉडेल साधे. चावणारा: धाकटा भाऊ बाळू.' सगळ्यात जास्त गर्दी त्याच पेटीपुढे. साहेबसुद्धा सहकुटुंब येऊन बघून गेले. आता 'शाईमित्र'वर कुणाचं चावलेलं पेन सापडलं की तज्ज्ञ म्हणून बाळूरावांचं मत मागवतात.

ते मत बाळूराव घरी बसून नीट विचार करून पेन्सिलीने लिहून काढतात. आठवड्याभरातच त्या पेन्सिलीच्या दुसऱ्या टोकाला हिरकणी नक्षी उमटली. अस्सल. फक्त मधली जागा यावेळी भरलेली आहे.