पंचविसावी प्रत

व्यंकटराव आपण भेट दिलेलं पुस्तक परत घ्यायला येतात. वर्षभरानं, न कळवता, खांद्याला झोळी लावून. चहा घेतात, पुस्तक बघायला मागतात आणि ते न वाचलेलं निघालं की झोळीत टाकून चालू लागतात.

न वाचलेलं त्यांना कळतं कसं, याचं उत्तर छपाईत आहे. नांदेडच्या जुन्या भागात त्यांचं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आहे. पोटासाठी लग्नपत्रिका, हौसेसाठी पुस्तकं. अक्षरांचे खिळे हातानं जुळवायचे, मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालायच्या, दोऱ्यानं शिवायच्या. या घड्या इतर छापखाने कापून देतात. व्यंकटराव देत नाहीत. वाचणाऱ्यानं सुरी घेऊन पान पान मोकळं करावं, हा त्यांचा हट्ट. “कापून दिलेलं पुस्तक म्हंजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास,” हे ठरलेलं वाक्य.

बिलोलीकडच्या जुन्या विहिरींवर त्यांनी स्वतःच लिहून पुस्तक छापलं. प्रती पंचवीस. जुळवताना एक ओळ विरळ दिसली म्हणून ती भरायला एका विहिरीच्या ‘नऊ’ पायऱ्या ‘एकोणीस’ केल्या आणि कुणीतरी पकडेल म्हणून धास्तीत राहिले. प्रती वाटताना त्यांनी सांगून टाकलं : यातली एक जरी कापलेली निघाली तर पुढचं पुस्तक, नाहीतर मशीन भंगारात.

वर्षानं तपासणी सुरू झाली. अहमदपूरच्या एका मुख्याध्यापकांनी पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घालून ते कपाटात कुलूपबंद केलं होतं. लातूरचे एक प्राध्यापक प्रकाशनाला पाऊण तास बोलले होते. त्यांनी तक्रार केली की पानं चिकटलेली आली, चांगली प्रत द्या. व्यंकटराव मान डोलावून ‘हाव’ म्हणाले आणि प्रत झोळीत टाकली. अशा चोवीस परत आल्या.

पंचविसावी माझ्याकडे होती. मी बातमीदार. या पुस्तकावर मी तीन कॉलम लिहिले होते. सुरुवातीची दोन पानं न कापता वाचता येत होती, तेवढी पुरली.

ते आले. मी पुस्तक दिलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. सगळ्या घड्या बंद.

“लई भारी लिवलं व्हतं तुमी,” ते म्हणाले. टोमणा असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. तो नव्हता. मी वेळ मिळाला नसल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, “वैनी, सुरी द्या जरा.” मी विचारलं, काय करताय?

“मोकळं करून राहिलो.”

अर्धा तास ते पानं कापत होते. मधेच थांबून एखादं वाचत होते. मग पुस्तक त्यांनी स्वतःच माझ्या फळीवर उभं केलं.

“ही एक निघाली, सायेब. कुणी इचारलं तर तुमीच कापली म्हणा.”

मी हो म्हणालो.

“मग पुढचं जुळवाया घेतो.”

अजून मला कुणी विचारलेलं नाही.