काकू कुणाला चावल्या?

"गप्प बसायचं, एवढंच ना? हात्तिच्या!" काकूंनी जाहीर केलं आणि भाजीत मीठ टाकलं. बोलण्याच्या भरात ते दुसऱ्यांदा टाकलं होतं, पण हे जेवताना कळलं.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण गप्प बसणार आहे?"

"मी!"

"तू? अगं, तू झोपेतसुद्धा बोलतेस. परवा दूधवाल्याशी भांडत होतीस!"

"अहो, सांगा ना तुमच्या आईला!"

काकूंचे यजमान वर्तमानपत्राच्या मागे होते. तिथूनच आवाज आला, "मी काय सांगणार? मला कधी मधे बोलायला मिळालंय?"

दोन्ही पोरं मोठी होऊन नोकरीला लागली, तेव्हा काकूंनी बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात नाव घातलं. वर्गातल्या बाकीच्या मुली त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी 'काकू' म्हणायला सुरुवात केली, मग शिकवणाऱ्या बाईही म्हणू लागल्या. गाणी, मातीकाम, कागदकाम, सगळ्यात काकू पहिल्या. घोडं अडलं ते निरीक्षणापाशी. निरीक्षण म्हणजे बालवाडीच्या कोपऱ्यात तासभर बसून मुलं नुसती बघायची. बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही. "भिंत व्हा!" असं बाई सांगत.

मागच्या खेपेला काकू अगदी छान भिंत झाल्या होत्या. मग समोरच्या पोराचं नाक वाहायला लागलं. "ये रे सोन्या, शिंकर बघू जोरात!" भिंत म्हणाली आणि नापास झाली.

ही दुसरी संधी, आणि शेवटची. आता बोलल्या तर वर्ष पाण्यात! शिवाय जिथे परीक्षा होती, त्याच बालवाडीच्या ताईंनी मदतनिसाची जागा काकूंसाठी राखून ठेवली होती. पास व्हा आणि या, इतका साधा मामला. ही नोकरी काकूंना मनापासून हवी होती. अर्ध्या गल्लीला तर त्यांनी ती लागल्याचं सांगूनही टाकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी ताईंनी त्यांना कोपऱ्यातल्या छोट्या निळ्या खुर्चीवर बसवलं. "इथून सगळी खोली दिसते हं काकू. परीक्षक बाई येतीलच." काकू बसल्या. म्हणजे जेवढ्या मावल्या तेवढ्या बसल्या, बाकीच्या बाहेर राहिल्या. तोंडाला कुलूप लावलं आणि वही उघडली.

आता एक गोष्ट ताईंच्या लक्षातच आली नाही. तो कोपरा होता 'शांत कोपरा'. कुणी कुणाला मारलं, ढकललं, चावलं की त्याला त्या निळ्या खुर्चीवर बसावं लागे. डोकं शांत झालं की ज्याला दुखलं त्याला सॉरी म्हणायचं, मिठी मारायची, की सुटका. हा कायदा मोठ्यांना विसरता येतो. मुलं कशी विसरतील?

पहिल्यांदा आली आजीबाई. वय वर्षं चार, हात कमरेवर, म्हणून हे नाव. "काय केलंस?"

काकू भिंत.

"ढकललंस?"

भिंत.

"चावलीस?"

काकूंनी आवंढा गिळला. आजीबाईला तेवढा कबुलीजबाब पुरला. "काकू चावली!" तिने खोलीभर दवंडी पिटली. सगळी वानरसेना गोळा झाली.

"कशाला चावली?" असं एका पोराने विचारलं. तो येताजाता हेच विचारायचा, म्हणून त्याला सगळे 'कशाला'च म्हणत.

"भूक लागली असेल."

झालं! खेळातल्या स्वयंपाकघरातून प्लास्टिकचं केळं आलं, प्लास्टिकचा टोमॅटो आला. "हे चाव हं, माणसांना नाही चावायचं," असं समजावत त्यांनी काकूंची मांडी भरून टाकली. ताई पलीकडे एका ओल्या झालेल्या बाळाची चड्डी बदलण्यात गुंतल्या होत्या. काकूंच्या पोटात हसू आणि जिभेवर शब्द नुसते उकळत होते, पण त्यांनी मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

"पण चावली कुणाला?" आजीबाईने मुद्द्याला हात घातला.

सगळ्यांनी आपापले हात उलटसुलट करून पाहिले. पोटंही पाहिली. कुणालाच काही नव्हतं. खटला निकालात निघणार, इतक्यात काकूंची नजर खेळण्यांच्या कपाटामागे गेली.

तिथे 'दप्तर' उभी होती. नवी मुलगी. आल्यापासून दप्तर पोटाशी धरून बसायची, ते खाली ठेवायची नाही आणि कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. तिने बाही वर केली. स्वतःच्या हाताला कडकडून चावली. नीट निरखून पाहिलं. वळ पसंत पडला नाही, म्हणून पुन्हा चावली. मग दप्तर सावरत गर्दीत शिरली, हात पुढे केला आणि म्हणाली, "मला."

ताई तिकडे ताडकन उभ्या राहिल्या, हातात ओली चड्डी तशीच. "कोण बोललं? ही बोलली?"

नेमक्या याच मुहूर्तावर परीक्षक बाई आत आल्या.

"ही काकू हिला चावली!" आजीबाईने त्यांच्या नाकासमोर पुरावा धरला. "वळ बघ!"

वळ तांदळाच्या दाण्यांएवढ्या दातांचे होते. काकूंच्या दातांशी त्यांचं दूरचंही नातं नव्हतं. पण परीक्षक बाईंनी वळाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि खुर्ची थोडी मागे ओढून दाराशीच बसल्या. "तुमचं चालू द्या. मी फक्त निरीक्षण बघायला आलेय."

घड्याळाचा काटा तास संपण्याच्या अगदी तोंडाशी आला होता. आता सुटलेच, असं काकूंच्या मनात आलं.

"काकू, सॉरी म्हण," आजीबाईने हुकूम सोडला.

भिंत.

"म्हण ना!"

भिंतीला घाम फुटला.

"सॉरी कशाला म्हणत नाही ती?" 'कशाला'ने डोकं खाजवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "चावलीच नसेल! ही खोटं बोलते!"

सगळी डोकी दप्तरकडे वळली. तिने दप्तर घट्ट आवळलं, खालचा ओठ बाहेर आला आणि ती काकूंकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी एक शब्द बोलली होती बिचारी, आणि तोच अंगाशी आला होता. काकूंच्या डोळ्यांसमोर नोकरी नाचली, सासूबाई नाचल्या, अर्धी गल्ली नाचली.

"चावले!" काकू ओरडल्या. "चावले गं बाळा! चुकलं माझं, सॉरी!" आणि एकदा बूच उडाल्यावर काय विचारता! "सकाळी काही खाल्लं नव्हतं बघ मी, तुझा हात दिसला गुबगुबीत, राहवलंच नाही! फार दुखलं का गं? पुन्हा नाही हो चावणार! कुणालाच नाही!"

मिठीला दोन्ही हात लागतात. दप्तरने दप्तर खाली ठेवलं आणि काकूंच्या गळ्यात पडली. पोरांनी टाळ्या पिटल्या. ताईंनी डोळे पुसले, आणि कशाने पुसले हे लक्षात येताच नळाकडे धावल्या.

"तुम्ही बोललात," परीक्षक बाई म्हणाल्या.

"हो."

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग नाइलाज आहे. नापास."

काकूंचे डोळे भरून आले. वर्ष गेलं, जागा गेली. खरं काय घडलं ते सांगायला जीभ वळवळत होती, पण ती चिमुरडी मांडीवर बसून, कान टवकारून ऐकत होती. काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तोंड मिटलं.

परीक्षक बाई निघाल्या. दारापर्यंत गेल्या, घुटमळल्या, परत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "निकाल तर लागलाय. आता खरं सांगा. चावला होतात का?"

काकूंच्या आधी आजीबाईच मधे पडली.

"चावली होती! पण सॉरी म्हणाली ना ती? मग आता परत विचारायचं नसतं!"

"बरं," परीक्षक बाई म्हणाल्या, आणि काकूंपासून हातभर लांबून, भिंतीला घासत बाहेर पडल्या.