झिपरूची बेवारस फटफटी

मुलांनो, एका जंगलात एक अस्वल राहायचं आणि त्याच्याकडे एक मोटरसायकल होती. जंगलात मोटरसायकल कुठून आली, असं मध्येच विचारायचं नाही. सिंह बोलतो तेव्हा तुम्ही मुकाट ऐकता, मग मोटरसायकलपाशीच का अडता?

अस्वलाचं नाव झिपरू. गाडी जुनीपुराणी, पण झिपरूचा तिच्यावर फार जीव. ती अशी तशी सुरू व्हायची नाही. आधी तिला डावीकडे कलवायचं, मग टाकीवर एक चापट मारायची आणि लगेच किक. नुसत्या लाथा कितीही मारा, गाडी ढिम्म. चापट बसली की मात्र फटफट करत सारं रान उठवायची.

एक दिवस नदीपलीकडून झिपरूच्या लेकीचा निरोप आला. "बाबा, छकुली बोलायला लागली. सारखी विचारते, आजोबा कुठाय? आता इकडेच या राहायला."

झिपरूला कधी एकदा निघतो असं झालं. पण पलीकडे नुसते कडे आणि खडक. गाडी नेऊन करणार काय? विकायला हवी होती.

तरस आलं. म्हणालं, "मला द्या. मोडून सुटे भाग विकतो."

झिपरूने तरसाला हाकलून दिलं आणि शेजारच्या गेनू साळिंदराला हाक मारली. गेनू मोठा सरळमार्गी. इतका, की रिकाम्या पायवाटेवरूनही डाव्या कडेने चालायचा. त्याचा गाडीवर कधीचा डोळा होता. झिपरूने त्याला कलवणं शिकवलं, चापट शिकवली. सीटवर बसताना काटे मिटून घ्यायचं गेनूने कबूल केलं.

"घेतली," गेनू म्हणाला. "तेवढं बुक दाखवा, झिपरूअण्णा."

गाडी कोणाच्या नावावर आहे ते बुकात लिहिलेलं असतं, हे तुम्हाला माहीत असेलच. झिपरूने ते अंजनाच्या झाडाच्या ढोलीत जपून ठेवलं होतं. इतकं जपून, की ठेवल्यापासून उघडून पाहिलं नव्हतं. त्याने ढोलीत हात घातला. हाताला फक्त माती लागली.

आणि मग त्याला आठवलं. गेल्या थंडीत याच ढोलीला वाळवी लागली होती. वाळवी म्हणजे अस्वलाचा जीव की प्राण. झिपरूने तोंड घालून सगळी ढोली साफ केली होती. तेव्हा जिभेला जराशी शाईची चव लागली होती खरी. पण वाळवी जून असेल, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी झिपरू वाहन कचेरीत गेला. तिथे घोरपडबाई बसायच्या. त्या खुर्चीला अशा चिकटल्या होत्या, की बाईंची बदली करायची तर खुर्चीसकट करावी लागली असती.

"बुक हरवलं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"हरवलं नाही बाई. कुठे गेलं ते मला ठाऊक आहे."

"कुठे गेलं?"

"वाळवीने खाल्लं."

"मग वाळवीचा जबाब आणा."

"वाळवी मी खाल्ली."

आता बाईंनी मान वर केली. "म्हणजे बुक तुमच्या पोटात आहे. तुमच्याजवळ एक बुक असताना आम्ही दुसरं कसं देणार?"

झिपरू गांगरला. "अहो बाई, पण गाडी माझीच आहे. तुम्ही तर ओळखता मला! याच गाडीवरून तुम्हाला कितीदा कचेरीत सोडलंय."

"ती ओळख दाराबाहेरची. या खुर्चीवर बसल्यावर मी कोणाला ओळखत नाही. पुढचे कोण?"

बाहेर छत्री लावून एक मुंगूस बसलं होतं. आत अडलेल्यांना बाहेर वाट दाखवणं हा त्याचा धंदा. त्याने झिपरूला खुणेने बोलावलं.

"अण्णा, कशाला खरं बोलायला गेलात? 'हरवलं' म्हटलं असतं की चालून गेलं असतं. आता बाईंच्या कानावर गेलं. आता एकच वाट. गाडी माझी नाही म्हणायचं."

"माझी नाही?"

"अहो, गाडी रस्त्यात सोडून द्या. बेवारस म्हणून ठाण्यावर जाईल, लिलावात निघेल. लिलावात घेणाऱ्याला कोरं करकरीत बुक मिळतं. तुम्हीच बोली लावा. आहे काय त्यात!"

झिपरूला ते पटलं नाही. पण दुसरं काही सुचेना, आणि छकुली तिकडे वाट बघत होती. त्याने गाडी जांभळीखाली उभी केली, टाकी एकदा पुसली आणि मागे न बघता घरी गेला.

सकाळी फौजदार गवा आला. गाडी ओढत ठाण्यावर नेली आणि सगळ्या रानाला बोलावून विचारलं, "ही कोणाची आहे?"

आता त्या रानात असं एक पाखरू नव्हतं, की ज्याला ती गाडी कोणाची ते माहीत नव्हतं. सगळे झिपरूकडे बघायला लागले.

"तुमची का हो?" गव्याने विचारलं.

"नाही," झिपरू म्हणाला. "मी हिला कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

भरल्या बाजारात पोटच्या लेकीला ओळख न दाखवावी, तसं त्याला झालं. त्याने डोळ्यात कचरा गेल्याचं निमित्त केलं आणि डोळे पुसले.

लिलाव सुरू झाला. रानडुकराने किक मारून पाहिली. वानराने मारली. गाडी ढिम्म. कोणी बोली लावेना. तरस तेवढं कोपऱ्यात उभं राहून दात काढत होतं.

गवा कंटाळला. म्हणाला, "चालू होत नाही म्हणजे भंगारच. तरसा, घेऊन जा तू."

तरसाने पाना काढला. ते बघून झिपरूचं भान सुटलं. तो धावला, गाडी डावीकडे कलवली, टाकीवर एक चापट मारली आणि किक मारली. फट्, फट्, फटफटफट!

गव्याने डोळे बारीक केले. "तुम्हाला बरी जमली?"

"काय की साहेब," झिपरू म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदाच हात लावतोय."

मग त्याने मधाचा एक घडा बोलून स्वतःची गाडी स्वतःच विकत घेतली. घोरपडबाईंनी नवं बुक हातावर ठेवलं. चक्क हसून म्हणाल्या, "खरं वागलं की कामं कशी पटापट होतात, बघितलंत?"

झिपरू नाचतच गेनूकडे गेला. गेनूने बुक उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"नको, अण्णा."

"अरे, का? आता तर बुक आहे!"

"बुक आहे हो. पण गाडी तुमच्याकडे आली आज सकाळी. आधी कोणाची, काय माहीत? तुम्हीच सर्वांदेखत म्हणालात, कधी पाहिली नाही म्हणून. मी तुमची गाडी घेणार होतो. ही कोणा भलत्याची. चोरीची निघाली म्हणजे?"

"गेनू, अरे तीच गाडी आहे ती!"

"मग ठाण्यावर खोटं बोललात? तसं असेल तर मला कळवावं लागेल."

झिपरू हळूच म्हणाला, "बरं, समज उद्या पुन्हा जांभळीखाली एखादी बेवारस गाडी दिसली, तर काय करशील?"

"लगेच फौजदारांना सांगेन. आणि लिलाव झाला तर घेईन. लिलावाची गाडी घेताना पहिला मालक विचारत नाहीत."

"शहाणा आहेस," झिपरू म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने गाडी पुन्हा जांभळीखाली नेऊन उभी केली. नवं कोरं बुक काढलं आणि शांतपणे खाऊन टाकलं. या खेपेला वाळवीला मध्ये घेतलं नाही. मग रिकाम्या हातांनी होडीत जाऊन बसला.

पुढे एकदा छकुली आजोबांच्या पाठीवर बसून मध चाटत होती. तेवढ्यात नदीपलीकडून आवाज आला. आधी एक चापट, मग फट्, फट्, फटफटफट.

छकुलीने कान टवकारले. "आजोबा, कोणाची गाडी?"

झिपरूने आवाज पार लांब जाईपर्यंत ऐकला. त्याला हसू आलं आणि जरा रडूही आलं.

"कोणास ठाऊक, बाळ," तो म्हणाला. "आपली नाही."

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, पण आधी कचेरी बंद आहे ना ते बघावं. आपली वस्तू चांगल्या घरी पडावी असं वाटत असेल, तर चारचौघांत तिला ओळख देऊ नये. आणि वाळवी खाण्यापूर्वी तिने काय खाल्लं आहे, याची चौकशी करावी.