बाळगोंडा अण्णांची स्टेपनी

आमच्या गल्लीत एक चाक राहतं. त्या चाकाच्या पुढं एक जीप जोडलेली आहे, आणि जीपच्या पुढच्या टोकाला स्टिअरिंग धरून आमचे बाळगोंडा अण्णा. नवा माणूस गल्लीत शिरला की त्याला आधी अण्णांच्या दाराला टेकलेलं चाकच दिसतं, कारण सगळं जग गाडीचं तोंड घराकडं करून लावतं आणि अण्णा शेपूट घराकडं करून लावतात. माझी बहीण पहिल्यांदा आली तेव्हा दारातच थबकली. मला म्हणाली, "तुमच्या निपाणीत ट्रॅक्टरचं चाक दाराला टांगत्यात व्हय गं? दृष्ट लागू नये म्हणून?"

दृष्ट कसली लागतेय! दृष्टच त्या चाकाला घाबरते.

अण्णा म्हणजे आमचे समोरचे शेजारी. जुनं जैन घर, गावाबाहेर तंबाखूचा मळा, पांढरी टोपी, बोलणं तोलून-मापून. पण एक खोड अशी, की प्रत्येक गोष्टीला एक जादा पाहिजे. एक चष्मा नाकावर, एक दोरीनं गळ्यात. ढगाचा ठिपका नसताना बगलेत दोन छत्र्या. लग्नाला गेले तर खिशात घडी घातलेली दुसरी टोपी. एकदा देवळाच्या पायरीवर माझी चप्पल हरवली, तर यांनी जीपमधून बायकांच्या चपलांचा जोड काढून दिला! पद्मक्काचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. मी म्हटलं, "अण्णा, हे काय दुकान काढलंय काय?" तर म्हणतात कसे, "आक्का, जोड पायजे. जोडीबिगर जगात काय चालत न्हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जोड पायजे.

दुसरी खोड दिवस मावळायची. जैनांत उजेडी जेवायचं असतं हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. कुणाकडं कार्य असलं तरी त्यांची पंगत लोक आधी बसवतात. पण अण्णांचं अलीकडं वेगळंच सुरू झालेलं. पाच वाजता ताट वाढून पुढं ठेवलं तरी हात जोडायचे. "न्हाय हो, घरी जेवायचं हाय." नवरदेव बोहल्यावर असू दे, नाहीतर वक्ता भाषणात असू दे, ऊन तिरकं झालं की अण्णा उठले. मागं एका सत्कारात तर यांच्याच गळ्यात हार पडायचा होता. हार हवेत, आणि अण्णा जीपमध्ये.

आता चाकाची गोष्ट. मळ्याची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात ती माणसाची चप्पल ठेवून घेते, जीपचं काय! म्हणून अण्णांनी चारी चाकं बदलून मोठी, रुंद, दातेरी घेतली. जीप अशी उंच झाली की मला चढायला दारातला पाट आणावा लागायचा. सगळं झकास झालं, पण स्टेपनी राहिली जुनीच, लहान. "असू दे की," असं गल्लीतला प्रत्येक जण म्हणाला, आणि असू दे म्हटलं की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. चिक्कोडीहून येताना चाक बसलं. लहान स्टेपनी लावली, तर जीप एका पायानं लंगडी. कोपऱ्यातला पाय मोडलेलं टेबल चालावं तशी कलत कलत आली. गल्लीत पोचली तेव्हा दिवे लागले होते.

त्या दिवशी अण्णांचा चेहरा मी पाहिला. कुणीतरी गेल्यासारखा. मी म्हटलं, "अवो, एक रात्र उपास घडला तर काय मरतासा काय? पुण्यच लागंल." त्यांनी चपला काढल्या आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर मिस्त्री हजर. वेल्डिंगमध्ये आमच्या भागात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण अण्णांनी त्यांनाही घाम फोडला. मोठं चाक मागच्या दारावर धरून बघितलं, तर ते खाली बंपरवर टेकलं. मग चाक आणि दार यांच्यामध्ये लोखंडाची जाड चकती घातली. चाक बंपरच्या वरून बाहेर आलं ते इतकं बाहेर, की जीप उलटी घेताना भाजीवालीची गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली. ती बाई ओरडतेय, "अवो आप्पा, थांबा की! वांगी पळाली माझी!" आणि अण्णा आत आरशात बघतायत. आरशात काय दिसणार? चाक.

"अण्णा, मागचं कायच दिसत न्हाय तुमाला," मिस्त्री म्हणाले.

"मागच्याला मी दिसतोय न्हवं? मग त्यो बघंल की."

हे झालं, तर दार लोंबायला लागलं. मिस्त्री घसा कोरडा करून सांगत होते, "अण्णा, दार पत्र्याचं हाय, बिजागऱ्या बारक्या. एवढं वजन दारावर न्हाय चालायचं. बंपरला लोखंडी दांडीचा वेगळा आर्म करू, वजन खालच्या चेसीवर, सांगाड्यावर जाईल." पण अण्णांना घाई. चाक तिथंच हवं, आजच हवं. ते तसंच घेऊन संकेश्वरला गेले आणि येताना मिरचीचं पोतं घेऊन आले. संकेश्वरी मिरची! गल्लीच्या तोंडाशी तो उंच स्पीडब्रेकर आहे ना, त्याच्यावर जीप आदळली, दारानं आ वासला, चाकाच्या वजनानं ते सताड उघडं झालं आणि पोतं रस्त्यावर. मागून आलेला ट्रक त्याच्यावरून गेला. मग काय विचारता! डॉक्टर शिंकतायत, पेशंट शिंकतायत, देवळातली आरती शिंकांच्या तालावर. आमची मांजर तर तीन वेळा एकाच भिंतीवरून पडली.

त्यानंतर मात्र मिस्त्रींचं ऐकलं. बंपर नवा, जाड. त्याच्या एका टोकाला फिरता आर्म, आर्मवर चाक. आधी आर्म बाजूला ढकलायचा, मग दार उघडायचं. नंबर प्लेट आणि लाल दिवा चाकाच्या आड जात होता, तेही आर्मवर घेतलं. ते घ्यायच्या आधी एकदा हायवेला पोलिसानं थांबवलं होतं. नंबर कुठाय म्हणून कानडीत विचारलं, "नंबर एल्ली?" अण्णा शांतपणे म्हणाले, "गालि हिंद ऐतरी." म्हणजे चाकाच्या मागं आहे. तो बिचारा चाकाच्या मागं डोकं घालून बघत बसला, आणि डोकं बाहेर काढायला अण्णांनाच खाली उतरावं लागलं.

एवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले! आता तालीम सुरू झाली. दर रविवारी सकाळी गल्लीत जॅक लावायचा, चांगलं चाक काढायचं, स्टेपनी लावायची, काढलेलं चाक आर्मवर चढवायचं. आणि वेळ कोण बघणार? मी! घड्याळावर अण्णांचा विश्वास नाही. खाली बसता बसता हाक मारायचे, "आक्का, च्या ठेवा!" मी गॅसवर आधण ठेवायचं आणि चहा वर आला की खिडकीतून ओरडायचं, "आला!" त्याच्या आत शेवटचा नट आवळला गेला पाहिजे. पहिल्या रविवारी चहा उतू गेला, आटला, भांडं करपलं, तरी अण्णा जॅकच शोधत होते. पण माणूस जिद्दीचा. दिवाळीपर्यंत चहा आणि अण्णा बरोबरीनं वर यायला लागले. मी आच थोडी बारीक करायचे, ते सोडा. शेजारधर्म असतो.

तर परवा बेळगावात, अनगोळला, माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं. अण्णांना तिकडं काम होतं, म्हणून मी त्यांच्याच जीपमधून गेले, पाट बरोबर घेऊन. दुपारी जेवणं झाली, पण पाठवणी लांबली. अण्णा मांडवाच्या दारात उभे, नजर उन्हावर. "आक्का, निघूया. दिवस न्हाय थांबायचा."

"पोरगी अजून रडायची हाय, अण्णा."

"वाटंत रडंल की ती. तुमी चला."

मला तसंच उचललं म्हणा ना. काकती मागं पडलं, मग बरंच अंतर कापून संकेश्वरही. आता अर्ध्या तासाची वाट, मी पाय पसरते न पसरते तोवर फस्सऽऽ. मागचं चाक बसलं.

दिवस कासराभर वर होता. अण्णांनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि उडी टाकली. धोतर खोचलं, आर्म ढकलला, जॅक लावला. एकदाही हात चुकला नाही. मी रस्त्याकडेला पाटावर बसले. जवळ ना गॅस ना भांडं. पण सवय अशी लागलेली, की मनातल्या मनात आधण ठेवलं, साखर टाकली, पावडर टाकली. बसलेलं चाक आर्मवर चढवून शेवटचा नट आवळला तेव्हा माझ्या मनातला चहा नुसता कडेला फेस धरत होता. मी रस्त्यावरच ओरडले, "अण्णा, जिंकलासा!"

ते हसले नाहीत. "बसा, आक्का."

तवंदीच्या घाटात ऊन डोंगराच्या माथ्यावर चिकटलेलं. जीप अशी पळत होती की मी देवाचं नाव घेत होते, माझ्याही आणि त्यांच्याही. गल्लीत शिरलो, अण्णांनी एवढ्या घाईतही जीप वळवली, शेपूट घराकडं केलं आणि मगच उतरले. मला रागच आला. म्हटलं, अहो, जेवायचं सोडून हे कसलं सोंग! पाट हातात घेऊन तणतणत त्यांच्या मागोमाग मीही पुढच्या सोप्यात शिरले.

सोप्यात दाराकडं तोंड करून पद्मक्का बसलेली. ती वर्षभर विसरत चाललीय, हे मला माहीत होतं. मला माझ्या सासूच्या नावानं हाक मारते, आणि मी ओ देते. पुढं दोन ताटं झाकून ठेवलेली. त्यांची सून दाराशी पदर धरून उभी होती. मला बघून हळूच म्हणाली, "मामंजी आल्याबिगर आत्याबाई घासाला हात लावत न्हाईत, मावशी. माझ्या हातनं तर न्हाईच. आन् दिवस बुडाला की पाणीबी घेत न्हाईत. सगळं इसरल्या, एवढं न्हाय इसरलं. त्या दिवशी गाडी लंगडत आलती न्हवं, तवा रातभर तशाच राहिल्या. आन् सकाळी मामंजींनाच इचारत्यात, तुमी उपाशी निजला व्हय?"

माझ्या हातातला पाट मी खाली ठेवला.

अण्णा हात धुऊन आले, तिच्या शेजारी बसले. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. कोण बसलंय हे तिला कळलं की नाही, कुणास ठाऊक. ती बघत होती उघड्या दारातून बाहेर. तिथं उतरत्या उन्हात, सगळं दार भरून, ते दातेरी, धुळीनं माखलेलं, अगडबंब चाक होतं. हवा गेलेलं असलं तरी काय झालं!

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"चाक आलं गं," ती सुनेला म्हणाली. "वाढ आता."

अण्णांनी ताटावरचं झाकण काढलं.